तपासणी फोनमध्ये, निकाल कोणाच्या हाती?

फोनवरच्या खासगी छायाचित्रांची तपासणी या विषयावर गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे इतकी पत्रे आली की, या वेळी दुसरा विषय घेणे योग्य वाटले नाही. काही वाचकांनी घाबरून लिहिले आहे, काहींनी रागावून, आणि एका पत्रात तर माझ्याच पूर्वीच्या भूमिकेवर आक्षेप आहे. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतली सहा पत्रे संक्षेपाने पुढे दिली आहेत.

प्रश्न : मी फोनच्या गॅलरीत सहज ‘कुत्रा’ हा शब्द लिहिला आणि आमच्या कुत्र्याचे इतक्या वर्षांतले सगळे फोटो क्षणात समोर आले. मी त्या फोटोंना कधीच नावे दिली नव्हती. नंतर पाहते तर माझ्या दिवंगत आईच्या चेहऱ्याचाही एक वेगळा संच फोनने आपणहून करून ठेवला होता. तो पाहून डोळे भरून आले आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. माझे फोटो कोणी पाहत आहे का? (एक वाचक)

उत्तर : कोणी माणूस बसून आपले फोटो पाहत नाही, पण आपले फोटो तपासले गेले आहेत, हे खरे आहे. प्रतिमा ओळखायला शिकवलेली एक संगणकीय प्रणाली प्रत्येक फोटोवरून फिरते, त्यात काय दिसते त्याच्या नोंदी करते आणि त्या नोंदींची सूची बनवते. चेहऱ्याच्या बाबतीत ती प्रत्येक चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांच्या एका मालिकेत करते आणि ज्या मालिका एकमेकींच्या जवळ पडतात त्या एका गटात ठेवते. ती आपली आई आहे हे फोनला ठाऊक नव्हते. हे सगळे चेहरे एकाच व्यक्तीचे असावेत, एवढेच त्याने ताडले होते.

खरा प्रश्न असा की हे काम कोठे होते आणि त्यातून निघालेली माहिती कोणाला कळते. ॲपलच्या फोटो ॲपमध्ये चेहऱ्यांची वर्गवारी फोनवरच होते, बहुधा फोन चार्जिंगला लावून बाजूला ठेवलेला असताना. गूगल फोटोजमध्ये ऑनलाइन साठवण चालू असल्यास छायाचित्रेच कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेली असतात आणि त्यांची छाननीही मुख्यतः तेथेच होते. एक साधी चाचणी घरच्या घरी करता येते. इंटरनेट पूर्ण बंद करा आणि तोच शब्द पुन्हा शोधा. फोटो पूर्वीसारखेच सापडले, तर सूची आपल्या फोनमध्ये आहे. मात्र या चाचणीतून एवढेच सिद्ध होते. सूचीतले काहीच कधी बाहेर जात नाही, असे त्यावरून म्हणता येत नाही.

हा फरक किती सूक्ष्म असू शकतो, याचे उदाहरण २०२४ च्या अखेरीस दिसले. ॲपलने आयफोन चालवणाऱ्या आयओएस या प्रणालीच्या १८ व्या मालिकेत ‘एन्हान्स्ड व्हिज्युअल सर्च’ नावाची सोय आणली. फोटोत एखादी प्रसिद्ध वास्तू किंवा स्थळ असेल, तर ते ओळखून शोधात दाखवणे हा तिचा उद्देश आहे. त्यासाठी फोन त्या वास्तूच्या भागाचा आकड्यांतला सारांश तयार करतो, तो कूटबद्ध करतो, म्हणजे किल्लीवाचून वाचता येऊ नये असा करतो, आणि कोणाकडून आला हे लपवणाऱ्या मध्यस्थामार्फत कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर तो सारांश न उघडताच जुळवणीचे गणित करतो आणि उत्तर फक्त आपल्या फोनवर उलगडते. गणित म्हणून ही रचना खरोखर सुंदर आहे. लोक रागावले ते या कारणाने की, ही सोय आधीपासून चालू ठेवलेली होती आणि कोणाला विचारलेले नव्हते. मला तो राग पूर्णपणे रास्त वाटतो. माहिती कितीही काळजीपूर्वक बाहेर नेली, तरी ती ज्याच्या घरातून निघते त्याची परवानगी आधी घ्यायला हवी. फोटो ॲपच्या सेटिंग्जमध्ये तळाशी जाऊन ही सोय बंद करता येते.

आईच्या फोटोंचा तो संच आपण निश्चिंत मनाने ठेवा. आपण फोटो ऑनलाइन साठवत नसाल, तर तो आपल्यापाशीच आहे.

प्रश्न : माझ्या अँड्रॉइड फोनवर ‘अँड्रॉइड सिस्टिम सेफ्टीकोअर’ नावाचे काहीतरी मला न विचारता आले आहे. हे माझे फोटो तपासून गूगलला कळवते, असा संदेश मला तीन जणांनी पाठवला. काढून टाकू का? (एक निवृत्त ग्रंथपाल)

उत्तर : कळवते, हे म्हणणे बरोबर नाही. गूगलने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये या घटकाची माहिती दिली होती; बहुतेकांच्या तो लक्षात आला २०२५ च्या फेब्रुवारीत. मेसेजेस ॲपमध्ये कोणी नग्न चित्र पाठवले, तर ते आधी धूसर करून दाखवण्यासाठी हा घटक वापरला जातो. छाननी फोनवर होते आणि तिचा निकाल कंपनीकडे जात नाही, असे गूगलचे सांगणे आहे. खासगीपणाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेल्या, अँड्रॉइडवर आधारित ग्राफीनओएस या प्रकल्पाच्या विकासकांनीही, हा घटक कोणाकडे तक्रार पाठवण्यासाठी बनवलेला नाही, असे तेव्हा स्पष्ट केले होते. त्याचा कोड खुला नाही, ही त्यांची नाराजी मात्र होती आणि ती योग्यच आहे. नको असेल तर ॲपच्या यादीतून तो काढता येतो. आपल्याला न सांगता तो आला, हे मला मान्य नाही. फोन ज्याने विकत घेतला त्याला, आत काय बसवले जात आहे, हे आधी कळायला हवे.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. २०२१ मध्ये ॲपलने बालशोषणाची चित्रे फोनवरच ओळखण्याची योजना मांडली, तेव्हा जगभरातून विरोध झाला. पण सर्व्हरवर सगळे फोटो उघडून तपासण्यापेक्षा, फोनवरच तपासणे आणि निरपराध माणसाचा एकही फोटो कोणाला न दिसणे, हे खासगीपणाच्या दृष्टीने अधिक चांगले नाही का? विरोधकांनी तंत्र समजून न घेता विरोध केला, असे माझे मत आहे. (एक विद्यार्थी)

उत्तर : या महिन्यातला सर्वांत चांगला प्रश्न आपला आहे. विरोध करणाऱ्यांत तंत्र न समजणारे काही होते, हे मी नाकारत नाही. पण सर्वांत ठाम विरोध ज्यांनी केला, त्यांच्यात हे तंत्र ज्यांच्या कामावर उभे आहे अशी माणसे होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये चौदा तज्ज्ञांनी मिळून एक सविस्तर लेख प्रसिद्ध केला. सार्वजनिक किल्लीच्या कूटशास्त्राचा पाया घालणारे व्हिटफील्ड डिफी आणि माहिती कूटबद्ध करण्याच्या आरएसए पद्धतीच्या तिघा जनकांपैकी एक असलेले रोनाल्ड रिव्हेस्ट हे दोघेही त्या लेखाचे सहलेखक होते.

आधी योजना नेमकी काय होती ते सांगतो, कारण इतर वाचकांना ती ठाऊक असेलच असे नाही. ५ ऑगस्ट २०२१ रोजी ॲपलने ती जाहीर केली. आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात, चढवल्या जाणाऱ्या प्रत्येक फोटोचा फोनवरच ‘न्यूरलहॅश’ नावाच्या पद्धतीने आकड्यांतला ठसा काढायचा आणि बालशोषणाच्या आधीच ठाऊक असलेल्या चित्रांच्या ठशांशी तो जुळतो का ते पाहायचे, हा तिचा गाभा. जुळणीचा निकाल एका बंद पाकिटात घालून फोटोबरोबर वर पाठवला जाणार होता. जुळलेल्या प्रत्येक फोटोच्या पाकिटात किल्लीचा एकेक तुकडा असणार होता, आणि असे सुमारे तीस तुकडे जमल्याशिवाय कंपनीला एकही पाकीट उघडता येणार नव्हते. ती मर्यादा ओलांडल्यावर कंपनीचा कर्मचारी त्या फोटोंची लहान प्रत पाहणार, खाते बंद करणार आणि अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राला कळवणार. एखाद्या खात्यावर चुकीने बोट ठेवले जाण्याची शक्यता वर्षाला एक लाख कोटींत एक इतकी कमी आहे, असा कंपनीचा दावा होता.

आता या रचनेतली एक गोष्ट बारकाईने पाहा. जुळणी झाली की नाही, हे फोनला स्वतःला कळणार नव्हते. गणित मुद्दाम तसे बेतलेले होते, कारण फोनला कळले तर मालकालाही कळेल आणि ठशांची गुप्त यादी उघडी पडेल. म्हणजे फोन माझा, त्यातली वीज माझी, फोटो माझे, तपासणी माझ्या हातातल्या यंत्रावर. आणि निकाल मात्र माझ्यापासून लपवलेला व दुसऱ्याला वाचता येणारा. मालकाच्या घरात राहून मालकाबद्दल बाहेर वर्दी देणारा पहारेकरी कितीही सज्जन असला, तरी तो मालकाचा पहारेकरी नव्हे. पहिल्या पत्रातली आईच्या चेहऱ्याची वर्गवारी आणि ही योजना दोन्ही ‘फोनवर होणारी तपासणी’ याच नावाने ओळखल्या जातात, पण माझ्या मते त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीचा निकाल मालकासाठी आहे, तर दुसरीचा मालकाविरुद्ध वापरण्यासाठी आहे.

आपण म्हणता की निरपराध माणसाचा फोटो कोणाला दिसला नसता. यादी जोपर्यंत फक्त त्या चित्रांची आहे, तोपर्यंत हे खरे. पण या यंत्रणेला बालशोषण म्हणजे काय हे ठाऊकच नसते; तिला फक्त ठशांची यादी ठाऊक असते. यादी बदलली, तर तीच यंत्रणा, एक अक्षरही न बदलता, निषेधाचे भित्तिपत्रक किंवा बंदी घातलेले व्यंगचित्र बाळगणारी माणसे शोधून देईल. यादीत काय आहे, हे वापरकर्त्याला तपासता येत नाही, आणि ती चित्रे उघड करता येत नसल्याने कधी तपासता येणारही नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जोनाथन मेयर आणि अनुनय कुलश्रेष्ठ या दोन संशोधकांनी अशाच धर्तीची पद्धत आधी स्वतः तयार केली होती. तिचा असा दुरुपयोग किती सहज होऊ शकतो हे पाहून ते अस्वस्थ झाले, आणि ॲपलची घोषणा झाल्यावर त्यांनी तसे जाहीरपणे लिहिले. स्वतःच्या कामाविरुद्ध सावध करणाऱ्या माणसांचे म्हणणे मी नेहमी दोनदा वाचतो.

कंपनीने यावर दोन उत्तरे दिली. निरनिराळ्या देशांतल्या किमान दोन बालसंरक्षण संस्थांच्या यादीत जे ठसे समान असतील तेच वापरू, हे एक. आणि कोणत्याही सरकारने यादी वाढवण्यास सांगितले तर नकार देऊ, हे दुसरे. पहिले उत्तर चांगले होते. दुसरे उत्तर प्रामाणिक असले तरी दुबळे होते, कारण एखादी गोष्ट करताच येत नसेल तर कंपनीला सरकारला तसे सांगता येते. करता येते पण करणार नाही, असे कायद्यासमोर फार काळ सांगता येत नाही. आयक्लाउड फोटोज बंद ठेवले की तपासणीही बंद, अशी सोय होती खरी; पण ती धोरणातली एक खूण होती, तंत्रातली भिंत नव्हती. तपासणी करणारा भाग फोनमध्ये आधीच बसलेला असल्यावर, उद्या तो न चढवलेल्या फोटोंवरही फिरवा, असे सांगायला कितीसा वेळ लागणार?

ठशांच्या पद्धतीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण आपला तो अभ्यासविषय आहे. नेहमीच्या हॅशमध्ये, म्हणजे फाइलच्या आकड्यांतल्या ठशात, चित्राचा एक बिंदू बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. येथे मात्र चित्र कापले, लहान केले किंवा त्याचे रंग उतरवले, तरी ठसा तोच राहावा अशी अपेक्षा असते. ही सहनशीलता म्हणजेच पद्धतीचे बळ, आणि तिचे दुखणेही तेच. १८ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे घोषणेला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, आयफोनच्या जुन्या आवृत्तीत आधीच असलेले न्यूरलहॅश बाहेर काढून प्रसिद्ध झाले, आणि काही तासांतच कुत्र्याचा एक फोटो व करड्या ठिपक्यांचे एक निरर्थक चित्र यांचा ठसा अगदी एकच येतो, हे एकाने दाखवून दिले. ती अंतिम आवृत्ती नव्हती आणि सर्व्हरवर दुसरी स्वतंत्र पडताळणी होणार होती, हे कंपनीचे स्पष्टीकरण मी मान्य करतो. तरीही एखाद्याच्या फोनमध्ये निरुपद्रवी दिसणारी, पण ठसा जुळणारी चित्रे मुद्दाम घुसवता येतील, ही शंका त्या दिवसापासून केवळ कल्पनेतली राहिली नाही.

दुसऱ्याच दिवशी नव्वदहून अधिक संघटनांनी योजना सोडून देण्याचे खुले पत्र लिहिले. ३ सप्टेंबर रोजी ती लांबणीवर टाकली गेली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलने ती कायमची सोडून दिल्याचे सांगितले. त्याच दिवशी कंपनीने आयक्लाउडवरच्या फोटोंना दोन्ही टोकांपर्यंत कूटबद्ध, म्हणजे कंपनीलाही उघडता येणार नाहीत असे, ठेवण्याची ऐच्छिक सोय जाहीर केली. पुढे २०२३ मध्ये एका बालसंरक्षण गटाला दिलेल्या उत्तरात ॲपलने स्वतःच मांडले की, प्रत्येकाचा खासगी साठा तपासण्याची यंत्रणा उभारली, तर चोरांना नवी वाट मिळते आणि व्यापक पाळतीचा दरवाजा उघडतो. विरोधकांनी जे सांगितले होते, तेच दोन वर्षांनी योजना मांडणाऱ्यांनीही सांगितले.

प्रश्न : आपण खासगीपणाविषयी नेहमी तळमळीने लिहिता. मी लहान मुलांसाठी काम करते. ज्या मुलीची चित्रे वर्षानुवर्षे फिरत राहतात, तिचा खासगीपणा आपल्या लिखाणात कोठे असतो? (एक समुपदेशक)

उत्तर : आपला आक्षेप मी टाळणार नाही. अशा प्रत्येक चित्रामागे एक खरे मूल आहे, आणि ते चित्र ज्या ज्या वेळी कोणी साठवतो त्या त्या वेळी त्याच्यावरचा अत्याचार पुन्हा होतो. अमेरिकेतल्या त्या राष्ट्रीय केंद्राकडे २०२३ या एका वर्षात ३ कोटी ६२ लाख तक्रारी नोंदवल्या गेल्या. त्यांत ॲपलने पाठवलेल्या तक्रारी केवळ २६७ होत्या. ही तफावत पाहून आपल्याला संताप येत असेल, तर तो समजण्याजोगा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पीडितांच्या वतीने कॅलिफोर्नियात ॲपलवर दावाही दाखल झाला आहे. योजना जाहीर करून मागे घेतल्यामुळे आपली चित्रे फिरत राहिली, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या मागच्या लेखात या बाजूला मी दोन ओळीच दिल्या होत्या, आणि ती माझी चूक होती.

तरीही माझा निष्कर्ष बदलत नाही, आणि त्याचे कारण सांगणे हे माझे कर्तव्य आहे. ज्याने आपले फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवले किंवा इतरांत वाटले, त्या सर्व्हरवर ज्ञात चित्रांचा शोध घेणे आणि प्रत्येक माणसाच्या खिशातल्या यंत्रात तपासनीस बसवणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली पद्धत नवी नाही. मायक्रोसॉफ्टने डार्टमथ महाविद्यालयातले प्राध्यापक हानी फरीद यांच्या साहाय्याने २००९ मध्ये फोटोडीएनए तयार केले, आणि तेव्हापासून अनेक मोठ्या सेवा ते वापरत आहेत. तेथे मला उत्तरदायित्व, अपील आणि पारदर्शकता हवी आहे. ती पद्धतच नको, असे मी म्हणत नाही.

दुसरीकडे, यंत्रावरच्या तपासणीची सक्ती करण्याचे कायदे जेथे पुढे आले तेथे काय झाले, हेही पाहावे. युरोपीय आयोगाने ११ मे २०२२ रोजी मांडलेल्या प्रस्तावात दोन्ही टोकांपर्यंत कूटबद्ध असलेले संदेशही तपासण्याचे आदेश देण्याची तरतूद होती. संदेश वाटेत वाचता येत नसतील, तर ते पाठवण्याआधी फोनवरच तपासणे एवढाच मार्ग उरतो. यावर साडेतीन वर्षे वाद चालला. युरोपीय संसदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा संदेशांना वगळण्याची भूमिका घेतली, आणि सदस्य देशांच्या परिषदेनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये सक्तीची तपासणी बाजूला ठेवली. ब्रिटनने २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात असा अधिकार ठेवला, पण तंत्रदृष्ट्या शक्य होईपर्यंत तो वापरणार नाही, असे सरकारला संसदेत सांगावे लागले.

आपल्या क्षेत्रातला एक अनुभव मला फार बोलका वाटतो. ॲपलने २०२१ मध्ये त्याच दिवशी दुसरीही एक सोय जाहीर केली होती : मुलांच्या फोनवर संदेशातून नग्न चित्र आले किंवा पाठवले जाऊ लागले, तर ते धूसर करायचे आणि मुलाला सावध करायचे. मूळ योजनेत तेरा वर्षांखालच्या मुलाने तरीही ते चित्र पाहिले, तर पालकांना आपोआप सूचना जाणार होती. सगळीच घरे सुरक्षित नसतात आणि काही मुलांना धोका घरातूनच असतो, असे अनेकांनी निदर्शनास आणले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ही सोय आली तेव्हा ती सूचना काढून टाकलेली होती. छाननी तशीच राहिली. फक्त तिचा निकाल मुलाच्या हाती राहिला, आणि विश्वासाच्या माणसाला सांगण्याचा मार्गही त्यालाच दिला गेला. त्या मुलाला मदत मिळते आणि त्याच्याविषयी गुपचूप वर्दीही जात नाही. असे प्रयत्न जितके वाढतील तितके मला हवे आहेत. आपण प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करता. या सोयीचा त्यांना किती उपयोग होतो, हे आपण सविस्तर लिहून पाठवले तर या सदरात ते आवर्जून छापू.

प्रश्न : माझ्या आठ महिन्यांच्या बाळाला पुरळ उठले म्हणून डॉक्टरांनी फोटो मागवला. तो मी पाठवला. फोन सगळे फोटो आपोआप ऑनलाइन साठवतो. मी काही चूक केली का? (एक आई)

उत्तर : आपण चूक केलेली नाही. पण आपली काळजी निराधारही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी आपल्या लहान मुलाच्या गुप्तांगावरची सूज डॉक्टरांना दाखवण्यासाठी फोटो काढले, तेही दवाखान्यातल्या परिचारिकेने मागितले म्हणून. ते फोटो त्यांच्या गूगलच्या साठ्यात आपोआप चढले. दोनच दिवसांनी त्यांचे खाते बंद झाले. ईमेल गेले, मुलाच्या बालपणाचे फोटो गेले, आणि दूरध्वनी सेवाही त्याच कंपनीची असल्याने क्रमांकही गेला. पोलिसांनी चौकशी करून कोणताही गुन्हा घडलेला नाही असा निष्कर्ष काढला. पण हे कळवण्यासाठी तपास अधिकाऱ्याने संपर्क करायचा म्हटला, तर त्या गृहस्थांचा फोनही बंद आणि ईमेलही बंद. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे प्रकरण प्रसिद्ध केल्यानंतरही कंपनीने खाते परत दिले नाही.

येथे लक्षात घ्यायची बाब अशी की, तो फोटो कोणत्याही जुन्या यादीशी जुळला नव्हता. जुळणे शक्यच नव्हते, कारण तो नुकताच काढलेला होता. नवे चित्र पाहून त्याविषयी अंदाज बांधणाऱ्या वेगळ्या प्रणालीने त्यावर बोट ठेवले होते. ठशांची जुळवणी निदान ‘हे चित्र ते आहे का’ एवढेच विचारते. अंदाज बांधणारी प्रणाली ‘हे चित्र तसे वाटते का’ असे विचारते, आणि आजारी बाळाचा फोटो व गुन्ह्याचा फोटो यांच्यातला फरक अनेकदा चित्रात नसतो, तो चित्राबाहेरच्या परिस्थितीत असतो. ती परिस्थिती यंत्राला दिसत नाही, आणि घाईत पाहणाऱ्या कर्मचाऱ्यालाही दिसत नाही.

म्हणून यापुढे बाळाच्या उघड्या अंगाचा फोटो डॉक्टरांसाठी काढायचा असेल, तर त्या वेळेपुरती ऑनलाइन साठवण बंद करा, गरज असेल तेवढाच भाग फोटोत घ्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या मार्गानेच तो पाठवा, आणि काम झाल्यावर गॅलरीतून व ‘नुकतेच हटवलेले’ या कप्प्यातूनही काढून टाका. सगळ्या आयुष्याचे फोटो एकाच कंपनीच्या एकाच खात्यात असतील, तर त्यांची एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर ठेवा. आणि डॉक्टरांना फोटो पाठवायला मात्र कचरू नका. बाळाची तब्येत आधी.

प्रश्न : कंपन्या आणि सरकारे यांच्याविषयी आपण लिहिता, पण फोटो संपादनाचे साधे ॲपसुद्धा संपूर्ण गॅलरीची परवानगी मागते. याचे काय? (एक हौशी छायाचित्रकार)

उत्तर : बहुतेक वाचकांना रोजचा धोका येथेच आहे, आणि मोठ्या वादांच्या आवाजात तो झाकला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा घातक कोड उघडकीस आणला. तो गूगलच्या आणि ॲपलच्या अधिकृत दुकानांतल्या काही ॲपमध्ये दडलेला होता. गॅलरीची परवानगी मिळाली की तो फोटोंमधला मजकूर फोनवरच वाचायचा, आभासी चलनाच्या पाकिटाचे सांकेतिक शब्द असलेली छायाचित्रे निवडायचा आणि तेवढीच बाहेर पाठवायचा. चित्रातला मजकूर ओळखणारे जे तंत्र आपल्याला पावतीचा फोटो शोधून देते, तेच येथे चोराच्या कामी आले होते. पासवर्ड, ओळखपत्र किंवा सांकेतिक शब्द यांचे स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवू नयेत, असे मी यासाठीच वारंवार लिहितो.

उघडपणे परवानगी मागणारेही काही कमी नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये असे दिसून आले की, फेसबुक काही वापरकर्त्यांना त्यांच्या गॅलरीतले, अजून कोठेही न टाकलेले फोटो आपल्या सर्व्हरवर नेण्याची संमती मागत होते. त्यांतून सुरेख मांडण्या आणि आठवणींचे संच सुचवू, असे आमिष होते. ही तपासणी फोनवर नाही. येथे फोटोच बाहेर जातात. अशी चौकट समोर आली की घाईत पुढे जाण्याचे बटण दाबू नये. याच कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये फेसबुकवरची चेहरा ओळखण्याची सोय बंद करून एक अब्जाहून अधिक लोकांच्या चेहऱ्यांचे साचे पुसण्याचे जाहीर केले होते. इतके साचे लोकांनी टाकलेल्या फोटोंमधूनच जमलेले होते.

उपाय सुदैवाने सोपा आहे. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीपासून, ॲपला सगळी गॅलरी न देता निवडक फोटोच देता येतात. सेटिंग्जमध्ये फोटोंच्या परवानगीच्या पानावर जा. तेथे कोणत्या ॲपला काय दिले आहे, याची यादी दिसेल. वर्षभर न उघडलेल्या ॲपची परवानगी काढून घ्या आणि उरलेल्यांना ‘निवडक फोटो’ हा पर्याय द्या. फोटोत स्थळाची नोंदही असते, तेव्हा कॅमेऱ्याला ठावठिकाणा जोडण्याची परवानगी खरोखर हवी आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. छायाचित्रकार म्हणून आपल्याला स्थळाची नोंद हवी असेल, तर ती ठेवा, पण फोटो कोणाला पाठवताना दिसणाऱ्या पर्यायांतून ती वगळता येते का, हे तपासा. परवानगी काढल्यावर एखादे ॲप चालेनासे झाले आणि संपूर्ण गॅलरीवाचून अडून बसले, तर ते ॲप बदलावे, असा माझा सल्ला आहे.